व्हिडिओत जमतं, आपल्या स्क्रीनवर का अडतं? पीसीबी डिझाइन शिकताना काय काय तपासायचं

सर्किट कळतं, सोल्डरिंग जमतं, पण बोर्ड (पीसीबी) स्वतः डिझाइन करायची वेळ आली की व्हिडिओ लावून बसावं लागतं, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. नवशिक्यांच्या अडकलेल्या प्रोजेक्ट फाइली सोडवून देणं हे माझं नेहमीचंच काम होऊन बसलंय. तक्रार ठरलेली असते: "व्हिडिओत दाखवलं तस्संच केलं, तरी होत नाही." बहुतेक वेळा त्यांनी खरोखरच तस्संच केलेलं असतं. बिघाड असतो तो व्हिडिओत न दिसणाऱ्या चार-सहा गोष्टींत, आणि त्या जवळजवळ ठरलेल्या आहेत.

उदाहरणं कीकॅडची देतोय, कारण ते फुकट आहे आणि शिकणारे बहुतेक त्यावरच असतात. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, तपासायचा क्रम तोच राहील.

लक्षणं

यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

- व्हिडिओतला माणूस ज्या बटणावर क्लिक करतो ते बटण तुमच्याकडे नाहीच. किंवा आहे, पण भलत्याच जागी.
- स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आराखड्यात, वायर पिनला टेकलेली स्पष्ट दिसते, तरी तपासणीत "पिन जोडलेली नाही" असं येतं.
- पॉवर पिनला कुणी पॉवर देत नाही अशी तक्रार येते, आणि समोर तर बॅटरीचा कनेक्टर ढळढळीत दिसत असतो.
- स्किमॅटिकवरून बोर्ड अद्ययावत करणारं एफ८ दाबलं तरी बोर्डवर काही उतरत नाही, किंवा निम्मेच भाग उतरतात.
- ग्राउंडचा कॉपर भरत नाही. थ्रीडी चित्रात बोर्ड विचित्र दिसतो.
- सगळं हिरवं, एकही एरर नाही, बोर्ड बनून हातात आला आणि ट्रान्झिस्टर उलटा बसतोय.
- व्हिडिओ संपला, बोर्ड झाला. आता स्वतःचं सर्किट घेतलं तर पहिली क्लिक कुठे करायची तेच सुचत नाही.

शेवटची दोन लक्षणं वरच्यांपेक्षा जड आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी आवृत्ती बघा

एका मिनिटाचं काम, खर्च शून्य, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये तुमच्या कीकॅडचा आवृत्ती क्रमांक दिसेल. मग व्हिडिओची तारीख बघा. कीकॅड ५ आलं जुलै २०१८ मध्ये, ६ आलं डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मग ७, ८, ९ या आवृत्त्या २०२३, २०२४, २०२५ च्या फेब्रुवारीत ओळीने आल्या. व्हिडिओ २०२० चा आणि तुमच्याकडे ९ असेल तर स्क्रीन जुळणारच नाही.

फरक फक्त चिन्हांचा नाही. पाचपर्यंत माउस एखाद्या भागावर नेऊन थेट 'एम' दाबायचे, सहापासून आधी क्लिक करून निवडायची रीत आली. पाचपर्यंतच्या स्किमॅटिक फाइलींचा साचाही सहाला बदलला. जुन्या व्हिडिओंत नेटलिस्ट नावाची फाइल तयार करून ती बोर्डात वाचून घेण्याचा लांबलचक विधी दाखवतात. आज तो करायची गरज नाही, एफ८ थेट स्किमॅटिकवरून बोर्ड अद्ययावत करतं. तरी लोक नेटलिस्ट शोधत तासभर घालवतात.

उपाय म्हणून जुनी आवृत्ती उतरवून घ्यायचा मोह होतो. तो टाळा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही, त्यामुळे एकदा मागे गेलात की पुढच्यांबरोबर फाइली देता-घेता येत नाहीत. त्यापेक्षा व्हिडिओ बदला. कीकॅडच्या स्वतःच्या दस्तऐवजात 'गेटिंग स्टार्टेड' नावाचा भाग आहे आणि तो आवृत्तीनुसार वेगवेगळा मिळतो. व्हिडिओतलं बटण सापडलं नाही तर त्याच पायरीचं पान तिथे उघडा.

आणि हो, व्हिडिओ ईगलचा, म्हणजे ऑटोडेस्क कंपनीच्या पीसीबी सॉफ्टवेअरचा असेल तर तो सोडाच. ऑटोडेस्कने २०२३ मध्येच सांगून टाकलं होतं की ७ जून २०२६ नंतर ईगल मिळणार नाही. आज नव्याने शिकायला बसणाऱ्याने त्यात वेळ घालू नये.

प्रोजेक्ट नीट उघडलाय का?

एफ८ चालत नसेल तर आधी हे. फोल्डरमध्ये जाऊन स्किमॅटिकच्या किंवा बोर्डाच्या फाइलवर थेट डबल-क्लिक केलं की ती एकटी, सुटी उघडते. अशा वेळी दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. एडिटर 'स्टँड-अलोन मोड'मध्ये आहे असा संदेशही येतो, पण तो न वाचता बंद करायची सवय लागलेली असते. सगळं बंद करा, नावाच्या शेवटी 'किकॅड_प्रो' असलेली फाइल उघडा, आणि तिथूनच दोन्ही एडिटर सुरू करा.

व्हिडिओबरोबर झिप फाइल दिली असेल तर ती आधी पूर्ण बाहेर काढा. झिपच्या आतूनच उघडलेला प्रोजेक्ट सेव्ह होत नाही, झाला तरी कुठे झाला ते सापडत नाही.

टेकलेली वायर आणि जोडलेली वायर

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त डोकं इथेच फिरतं.

स्किमॅटिक हे चित्र वाटतं, पण सॉफ्टवेअरला चित्राशी देणंघेणं नसतं. वायरचं टोक आणि पिनचं टोक एकाच बिंदूवर आहे की नाही, एवढंच ते बघतं. केसभर अंतर राहिलं तरी जोड नाही. कीकॅडचे सिम्बॉल (भागांची स्किमॅटिकमधली चिन्हं) ५० मिलच्या, म्हणजे १.२७ मिलिमीटरच्या ग्रिडवर बेतलेले असतात. मधेच कधीतरी मजकूर नीट बसवण्यासाठी तुम्ही ग्रिड बारीक केलं, ते तसंच राहिलं, आणि पुढचा रेझिस्टर त्या बारीक ग्रिडवर ठेवला की त्याच्या पिना इतरांच्या रेषेत येतच नाहीत. झूम कमी असताना डोळ्याला सगळं जुळलेलं दिसतं.

खात्री करायची सोपी युक्ती: संशय असलेला भाग निवडा आणि 'जी' दाबून जरा बाजूला ओढा. जोडलेली वायर भागाबरोबर ताणली जाते. नुसती टेकलेली वायर जागेवरच राहते. बघून झालं की एस्केप दाबा, सगळं पूर्ववत होईल. ('एम'ने ही परीक्षा करू नका. 'एम' भागाला वायरींपासून सोडवूनच हलवतं.) वायर जागेवर राहिली तर ग्रिड पुन्हा ५० मिलवर आणा आणि भाग उचलून नीट बसवा.

आणखी दोन फसवे प्रकार आहेत. एक म्हणजे वायरऐवजी नुसती रेष काढलेली असते. 'डब्ल्यू'ने वायर येते, पण बाजूच्या पट्टीत सजावटीसाठी रेष काढायचंही साधन आहे आणि ती रेष बघायला जवळजवळ तशीच असते. तिच्यातून वीज जात नाही. दुसरा प्रकार नावांचा. 'व्हीसीसी' आणि '+५व्ही' ही दोन पॉवर चिन्हं तुमच्या डोक्यात एकच असतील, सॉफ्टवेअरसाठी ती दोन वेगळी नेट, म्हणजे एकमेकांना न जोडलेली दोन जाळी आहेत. व्हिडिओत एक वापरलं, तुम्हाला दुसरं आधी सापडलं म्हणून ते ठेवलं, आणि अर्धं सर्किट उपाशी राहिलं. लेबलचं स्पेलिंगही असंच तपासा.

पॉवरची ती प्रसिद्ध एरर

"इनपुट पॉवर पिन नॉट ड्रिव्हन." ही दिसली की लोक घाबरून सगळ्या वायरी पुसून पुन्हा काढतात. गरज नसते. आयसीच्या पॉवर पिनवर 'मला पॉवर हवी' असं लिहिलेलं असतं. कनेक्टरच्या पिना मात्र 'पॅसिव्ह' असतात, त्या पॉवर देतात असं कुठे नोंदलेलं नसतं. त्यामुळे बाहेरून वीज येते हे सॉफ्टवेअरला आपण सांगावं लागतं. पॉवर चिन्हांच्या यादीतून 'पीडब्ल्यूआर_फ्लॅग' घ्या, एक पॉवरच्या नेटला आणि एक ग्राउंडला लावा. बोर्डावर त्याचा काही भाग येत नाही, तो फक्त तपासणीसाठीचा निरोप आहे.

मात्र फ्लॅग लावण्याआधी बॅकटिक (`) बटणाने ती नेट उजळवून बघा. कनेक्टरपासून आयसीपर्यंत रेषा खरंच पोचते ना? एरर घालवायची म्हणून तुटलेल्या नेटवर फ्लॅग चिकटवला तर एरर जाईल आणि दोष आत राहील.

मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या पिनांवर 'क्यू'ने फुली मारा. फुल्या मारताना प्रत्येक पिन खरंच मोकळी सोडायची आहे का, हे आपोआप तपासून होतं.

बोर्डवर भाग उतरत नाहीत

प्रत्येक सिम्बॉलला फूटप्रिंट (बोर्डवरची त्या भागाच्या पॅडची मांडणी) दिलंय का, ते असाइन फूटप्रिंट्सच्या खिडकीत एका नजरेत दिसतं. रिकामी ओळ म्हणजे तो भाग उतरणार नाही. व्हिडिओतल्या माणसाने बाहेरून उतरवलेली लायब्ररी वापरली असेल तर ती तुम्हालाही दोन ठिकाणी नोंदवावी लागते, सिम्बॉलची वेगळी आणि फूटप्रिंटची वेगळी. लोक पहिली नोंदवतात आणि दुसरी विसरतात.

एक भाग पुसून तोच पुन्हा ठेवला असेल तर वेगळाच घोळ होतो. नाव तेच, आर३, पण सॉफ्टवेअरच्या आतल्या ओळखीने तो नवा भाग आहे. मग बोर्डवर जुना आर३ तसाच आणि बाजूला नवा आर३. एफ८च्या खिडकीत नावावरून पुन्हा दुवा जोडायचा पर्याय असतो, तो टिक करा.

बोर्डाच्या बाजूचे चार घोटाळे

एककं. व्हिडिओत बोलतात मिलमध्ये, तुमची स्क्रीन मिलिमीटरमध्ये. "ट्रॅक दहाचा ठेवा" हे ऐकून १० टाकलं की दहा मिलिमीटर रुंद पट्टा येतो, हवा असतो ०.२५४ मिलिमीटरचा. कंट्रोल-यूने एककं बदलतात.

ट्रॅकच्या रुंदीवर मात्र व्हिडिओचा आकडा डोळे झाकून घेऊ नका, कारण तुमच्या सर्किटचा करंट वेगळा असतो. ३५ मायक्रॉन जाडीच्या नेहमीच्या कॉपरवर, बाहेरच्या थरात, एक अँपिअरसाठी आणि दहा अंश तापमानवाढ धरून साधारण ०.३ मिलिमीटर पुरतात. मोटर किंवा एलईडीची पट्टी चालवायची असेल तर कीकॅडमध्येच कॅल्क्युलेटर आहे, तिथे आकडे घालून बघा.

बाह्यरेषा. एज कट्स लेयरवरची रेषा पूर्ण बंद हवी. चार सुट्या रेषा काढून चौकोन केला आणि एका कोपऱ्यात सूक्ष्म फट राहिली की तपासणीत बाह्यरेषा बिघडल्याची एरर येते आणि थ्रीडी चित्र बिनसतं. फट शोधत बसण्यापेक्षा रेषा पुसून चौकोनाच्या साधनाने एका झटक्यात काढा.

कॉपरची भरण. झोन (भरायच्या जागेची हद्द) काढला की 'बी' दाबायचं. ट्रॅक हलवला की पुन्हा 'बी'. हे व्हिडिओत एकदाच पटकन होतं आणि सुटून जातं. झोनला नेट दिलीय का तेही बघा. भरणीचा एखादा तुकडा गायब असेल तर बहुधा तो चारही बाजूंनी ट्रॅकनी वेढलेला आहे आणि आत ग्राउंडचा एकही पॅड नाही. असे बेटासारखे तुकडे सॉफ्टवेअर स्वतःहून काढून टाकतं. तिथे कॉपर हवाच असेल तर ग्राउंडचा व्हाया (दोन थर जोडणारं छिद्र) टाका.

खालच्या बाजूचा मजकूर वरून बघताना उलटा दिसतो. तो उलटाच दिसायला हवा! 'सरळ' करू नका.

एरर नाही, तरी बोर्ड चुकतो

आता जड काम. सॉफ्टवेअर नियम तपासतं, तुमच्या हातातला खरा भाग त्याला माहीत नसतो.

ट्रान्झिस्टरचं उदाहरण घ्या. टीओ-९२ पॅकेजची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ चे येतात एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही सारखे, फूटप्रिंट एकच, पॅडना नंबर १, २, ३. कोणता पाय कोणत्या नंबरचा हे सिम्बॉल ठरवतो. जनरिक एनपीएन सिम्बॉलच्या नावात सीबीई, ईबीसी अशी अक्षरं असतात ती याचसाठी. व्हिडिओत २एन३९०४ होता म्हणून ईबीसी घेतला आणि डब्यात होता बीसी५४७, की कलेक्टर-एमिटर अदलाबदल झालेच. एकही एरर येणार नाही. उपाय एकच: डेटाशीटचं पायांचं चित्र उघडं ठेवून प्रत्येक तीन पायांच्या भागाचे नंबर बोटाने जुळवा. व्होल्टेज रेग्युलेटरलाही हेच लागू.

मापांचं तसंच. ०६०३ म्हणजे इंची पद्धतीत १.६ बाय ०.८ मिलिमीटर, आणि मेट्रिक पद्धतीत त्याच आकड्याचा भाग ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा, हाताने सोल्डर करायला जवळजवळ अशक्य. कीकॅड फूटप्रिंटच्या नावात दोन्ही लिहितं, '०६०३_१६०८मेट्रिक' असं. नाव शेवटपर्यंत वाचा.

मग बोर्डचा एकास एक प्रमाणात प्रिंट काढा. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' चालू असेल तर सगळं वाया जातं, म्हणून आधी पट्टी लावून बघा: २.५४ मिलिमीटर अंतराच्या दहा पिनांच्या हेडरची पहिल्या छिद्राच्या मध्यापासून शेवटच्या छिद्राच्या मध्यापर्यंतची लांबी २२.८६ मिलिमीटर भरायला हवी. ती भरली की कागद थर्माकोलवर ठेवा आणि खरे भाग छिद्रांतून टोचून बघा. कनेक्टर काठाबाहेर जातो का, दोन कपॅसिटर एकमेकांना घासतात का, स्क्रू फिरवायला जागा आहे का, हे थ्रीडी चित्रापेक्षा कागदावर लवकर कळतं.

बोर्ड बनवणाऱ्याला जर्बर फाइली (प्रत्येक थराचं चित्र) पाठवण्याआधी त्या जर्बर व्ह्यूअरमध्ये उघडा. साध्या दोन थरांच्या बोर्डाला दोन कॉपर, दोन मास्क, दोन सिल्कस्क्रीन आणि एज कट्स लागतात. ड्रिलची फाइल वेगळ्या बटणाने तयार होते, आणि विसरली जाते ती नेमकी हीच. व्ह्यूअरमध्ये छिद्रं पॅडच्या मध्यावर दिसली की झालं.

सॉफ्टवेअर ठीक, तरी स्वतःचं सर्किट सुरू होत नाही

हा बिघाड सगळ्यात अवघड, कारण तो व्हिडिओ बघण्याच्या पद्धतीत आहे. थांबवत, मागे नेत, एकेक क्लिक नक्कल करत बोर्ड पूर्ण होतो, पण एकही निर्णय आपण घेतलेला नसतो. भाग इथेच का ठेवला, ट्रॅक असा का वळवला, हे व्हिडिओत आधीच ठरलेलं असतं. बहुतेक जण यावर पुढचा, आणखी मोठा व्हिडिओ लावतात. त्याने काही होत नाही.

मी लोकांना असं करायला सांगतो: तोच बोर्ड दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बंद ठेवून काढा. अडाल तिथे आधी मेनू धुंडाळा, मग दस्तऐवज, आणि अगदीच हात टेकले तर व्हिडिओतला तेवढाच तुकडा. मग त्याच सर्किटमध्ये एक बदल करा, एलईडीऐवजी रिले घ्या किंवा बोर्ड निम्म्या आकाराचा करा. रिले आला की डायोड लागतो, ट्रॅक रुंद लागतो, फूटप्रिंट शोधावं लागतं. नक्कल करून हे भागत नाही. त्यानंतर स्वतःचं सर्किट घ्या, आणि ते आधी कागदावर काढा. कागदावर येत नसेल तर अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, सर्किटची आहे, आणि त्यावर पीसीबीचा व्हिडिओ उपाय नाही.

कुठे थांबायचं

एकाच एररवर संध्याकाळ गेली तर थांबा आणि जाणकाराला फाइल दाखवा. देताना पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर झिप करून द्या, आवृत्ती क्रमांक लिहा, एररचा मजकूर जसाच्या तसा कॉपी करा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, त्यावरून काही कळत नाही.

काही बोर्ड मात्र व्हिडिओ बघून करूच नयेत. थेट घरगुती विजेवर चालणारं काहीही: तिथे ट्रॅकमधलं अंतर चुकलं तर आग लागते किंवा माणूस मरतो, आणि ते अंतर किती हवं हे सुरक्षेच्या मानकांवरून ठरतं. डीआरसीचे (सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीचे) मूळ आकडे त्यासाठी नसतात. तयार, प्रमाणित पॉवर अडॅप्टर घ्या आणि तुमचा बोर्ड त्याच्या पुढे सुरू करा. लिथियम बॅटरी चार्ज करणारं सर्किटही अनुभवी डिझायनरच्या नजरेखालून गेल्याशिवाय बनवू नका. अँटेना, डीडीआर मेमरी किंवा यूएसबी ३ असलेल्या बोर्डात जिवाला धोका नसतो, पण तिथे ट्रॅकची लांबी आणि थरांची रचना हाच सर्किटचा भाग असतो. पैसे घालवून चार वेळा बोर्ड मागवण्याआधी व्यावसायिकाकडून एकदा आढावा करून घेणं स्वस्त पडतं. त्याच्याकडे जाताना स्किमॅटिक, जर्बर आणि वापरलेल्या प्रत्येक आयसीची डेटाशीट बरोबर न्या; पहिला प्रश्न तो डेटाशीटबद्दलच विचारेल.